वेगळे दार की आतली खोली?

आपल्या चळवळीने गेल्या शंभर वर्षांत जे लिहिले आणि छापले, त्यातले आजच्या विद्यार्थ्याला किती सापडते? 'सापडते' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. ग्रंथालयाच्या कपाटात अंक असणे वेगळे आणि तो सापडणे वेगळे. आजचा विद्यार्थी कपाटापाशी क्वचितच जातो. तो मोबाइलवर दोन-तीन शब्द टाकतो आणि पहिली आठ-दहा नावे समोर येतात, तेवढेच त्याच्या लेखी जगात असते. बाकीचे लिहिलेच गेले नाही असे समजावे. १९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी' तयार नव्हता, हे सर्वश्रुत आहे. लोकांना आपण दिसू नये ही व्यवस्था त्या काळी माणसे करीत. आता पुष्कळदा ती कोणी न करताही होते, आणि तिला आपलाही हातभार लागतो.

देवळाली कॅम्पातील आम्ही काही शिक्षक, कार्यकर्ते आणि दोन-तीन विद्यार्थी गेले वर्षभर एका कामात आहोत. जुने अंक, कविता, वैचारिक लेख आणि शिष्यवृत्तीचे मार्गदर्शन हे सारे एका संकेतस्थळावर आणायचे. पैसा थोडा, माणसे थोडी. पहिला वाद झाला तो मजकुरावर झाला नाही. तो झाला पत्त्यावर. कवितेला वेगळे सबडोमेन द्यायचे की मुख्य संकेतस्थळाच्या पोटात सबडिरेक्टरी करून ठेवायचे? कशाने शोधात वर येऊ? हा वाद ठिकठिकाणच्या लहान मंडळांत होणारच आहे, म्हणून त्याची मांडणी येथे करतो.

आधी पत्ता वाचायचा कसा ते पाहू. आरंभीचे एचटीटीपीएस आणि दोन तिरक्या रेघा सोडून द्याव्यात. त्यानंतर जी पहिली तिरकी रेघ येते तिच्या अलीकडचा भाग उजवीकडून डावीकडे वाचायचा. आमच्या कॅन्टोन्मेंट बोर्डाचाच पत्ता घ्या: देवलाली डॉट कँट डॉट जीओव्ही डॉट इन. प्रत्यक्षात तो रोमन अक्षरांत असतो. उजवीकडून वाचला की आधी देश, मग सरकार, मग साऱ्या छावण्यांचे मिळून एक नाव, आणि सर्वांत शेवटी देवळाली. पुणे, खडकी, देहूरोड, कामठी यांचीही नावे त्याच 'कँट'च्या डाव्या बाजूला लागतात. मुख्य नावाच्या डावीकडे टिंब देऊन लावलेले हे नाव म्हणजे सबडोमेन. ते एकाच मालकाच्या आवारातले वेगळे दार. सबडिरेक्टरी रेघेनंतर येते. बीबीसीची मराठी सेवा २ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाली. तिचा पत्ता बीबीसी डॉट कॉम, तिरकी रेघ, मराठी. दार एकच, आत वेगळी खोली.

देवळालीच्या माणसाला हा भेद समजावायला संगणक लागू नये. १९८२ साली नाशिक महानगरपालिका झाली तेव्हा नाशिकरोड-देवळाली नगरपालिका तिच्यात विलीन झाली. देवळाली गाव महापालिकेच्या पोटात गेले. त्याचे रस्ते, पाणी, घरपट्टी सगळे नाशिकच्या एका दप्तरात. देवळाली कॅम्प मात्र बाहेरच राहिला. त्याचे बोर्ड वेगळे, कायदा वेगळा, आणि मालकी पाहू गेले तर धागा दिल्लीला संरक्षण मंत्रालयापर्यंत जातो. गाव सबडिरेक्टरी झाले, कॅम्प सबडोमेन राहिला. कोणाचे बरे झाले यावर आमच्याकडे चहाच्या टपरीवर अजून वाद होतो आणि दोन्ही बाजूंना आपापले खड्डे दाखवता येतात.

उजवीकडून वाचण्याची ही सवय कार्यकर्त्यांनी विद्यार्थ्यांना लावलीच पाहिजे; तिचा उपयोग क्रमवारीपेक्षा मोठा आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याने मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा तो महाडीबीटी डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन येथे. येथे उजव्या टोकाला सरकार आहे. पण कोणीही एखादे खाजगी नाव विकत घेऊन त्याच्या डावीकडे 'महाडीबीटी' हे अक्षर लावू शकतो. डावीकडचे नाव फुकट असते, ते घालायला कोणाची परवानगी लागत नाही. घाईतला मुलगा डावीकडून वाचतो, ओळखीचे अक्षर पाहतो आणि आधार क्रमांक देऊन बसतो.

आता मूळ प्रश्न. शोधयंत्र या दोन रचनांकडे कसे पाहते?

शोधयंत्राचा फिरता प्रोग्राम एका पानावरून दुसऱ्या पानावर दुव्यांच्या वाटेने जातो, पाने वाचून त्यांची सूची करतो, आणि कोणी काही विचारले की त्या सूचीतून क्रम लावतो. कोणत्या पानाकडे कोण बोट दाखवते, आणि बोट दाखवणाऱ्याचे स्वतःचे वजन किती, ही क्रम लावण्याची कल्पना लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात मांडली. तिच्यात पुढे शेकडो गोष्टींची भर पडली, तरी दुव्याचे महत्त्व गेलेले नाही. म्हणून वादाचा गाभा इतकाच आहे: मुख्य नावाने कमावलेले वजन डावीकडच्या दाराला मिळते की नाही?

गुगलच्या माणसांनी याचे उत्तर अनेकदा दिले आहे. मॅट कट्स यांनी २०१२ साली दोन्ही रचना जवळपास सारख्याच असल्याचे सांगितले. डिसेंबर २०१७ मध्ये जॉन म्युलर यांनी सांगितले, की गुगलला दोन्ही चालतात. मात्र पत्त्यांची रचना बदलली की शोधात ती स्थिरावायला वेळ लागतो, म्हणून दीर्घकाळ टिकेल अशी निवडा. याच्या उलट, क्रमवारीचा धंदा करणारे सांगतात की सबडोमेनवरचा मजकूर सबडिरेक्टरीत हलवला आणि वाचक वाढले. त्यांचे अनुभव खोटे आहेत असे मी म्हणत नाही. पण मजकूर हलवताना माणूस सोबत शीर्षके सुधारतो, मोडके दुवे दुरुस्त करतो, निरुपयोगी पाने काढून टाकतो. मग वाढ पत्त्यामुळे झाली की साफसफाईमुळे, हे कसे ठरवणार?

उलट दिशेची एक समजूतही खोडून काढली पाहिजे. नाशिकच्या एका जाहिरात एजन्सीच्या तरुणाने आम्हाला सुचवले होते, की जितके विषय तितकी सबडोमेन करा, म्हणजे एकाच शोधात तुमचीच पाच नावे दिसतील. एके काळी असे काही प्रमाणात घडतही असे. जून २०१९ मध्ये गुगलने जाहीर केले, की वरच्या निकालांत एका संकेतस्थळाची सहसा दोनाहून अधिक पाने दाखवली जाणार नाहीत, आणि सबडोमेन ही सहसा मूळ नावाचाच भाग म्हणून मोजली जातील. त्या तरुणाचा सल्ला जुना होता आणि त्याचे दरपत्रक मात्र नवे होते.

मग फरक काहीच नाही काय? आहे, आणि तो यंत्रापेक्षा माणसांच्या वागण्यात आहे. एका घरात खोल्या असल्या की माणसे सहज या खोलीतून त्या खोलीत जातात. मुख्य पानाच्या यादीत कविता असते, कवितेखाली लेखाचा दुवा असतो, लेखाखाली जुन्या अंकाचा. एखाद्या प्राध्यापकाने आपल्या अभ्यासक्रमात एका कवितेकडे दुवा दिला की तो वाचक लेखापर्यंतही पोचतो आणि यंत्रही त्याच वाटेने जाते. दारे वेगळी केली की हे दुवे कोणीतरी आठवणीने घालावे लागतात. लहान मंडळात ते सहा महिने घातले जातात. नंतर ज्याला ते ठाऊक असते त्याला नोकरी लागते.

वेगळ्या दाराचा खर्चही वेगळा असतो. सबडोमेनसाठी नावाचे जादा भाडे पडत नाही, म्हणून ते फुकट वाटते. पण शोधयंत्राच्या प्रोग्रामला 'येथे ये, तेथे जाऊ नको' असे सांगणारी रोबॉट्स नावाची फाइल प्रत्येक दाराला स्वतंत्र ठेवावी लागते. सुरक्षा प्रमाणपत्रात प्रत्येक दार समाविष्ट आहे ना हे पाहावे लागते. ते संपले की ब्राउझर वाचकाला धोक्याची सूचना दाखवतो आणि वाचक मागच्या मागे पळतो. गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये दारे एकेक करून नोंदवावी लागत. २०१९ पासून संपूर्ण डोमेन एकदम नोंदवण्याची सोय झाली, पण तिला डोमेनच्या नोंदीत हात घालावा लागतो. ज्या मंडळात संगणक समजणारा एकच मुलगा आहे आणि तोही बारावीच्या परीक्षेला बसला आहे, त्याने किती कुलपे सांभाळावी?

आमच्यातील कवी मित्रांचा आक्षेप निराळ्या पातळीवरचा होता आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. ते म्हणाले, कविता ही चळवळीच्या आवारातली एक खोली नव्हे. तिला स्वतःचे दार हवे. हा सूर आपल्या परिचयाचा आहे. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले तेव्हापासून, दलित साहित्य ही मराठी साहित्याची शाखा मानायची की स्वतंत्र प्रवाह, हा वाद आपण करीत आलो. प्रस्थापितांच्या इतिहासग्रंथात शेवटचे एक प्रकरण म्हणून बसायचे आपण नाकारले ते योग्यच केले. परंतु ती लढाई दुसऱ्याच्या घरातील खोली नाकारण्याची होती. आपल्याच घरात कवितेला दर्शनी दालन देण्यात कोणता कमीपणा आहे? घर कोणाचे हे ठरल्याखेरीज दार आणि खोली यांचा वाद फोल आहे.

सबडोमेन केव्हा योग्य, याचे उत्तम उदाहरण मराठी विकिपीडिया. १ मे २००३ रोजी तो सुरू झाला आणि त्याचा पत्ता एमआर डॉट विकिपीडिया डॉट ओआरजी. तेथे डावीकडचे 'एमआर' शोभेचे नाही. मराठीचे संपादक वेगळे, त्यांचे संकेत वेगळे, त्यांचे वाद वेगळे. इंग्रजी विकिपीडियाचे भाषांतर म्हणून तो चालत नाही. माणसे वेगळी आणि निर्णय वेगळे, म्हणून दार वेगळे. आपल्या जवळचे उदाहरण 'राउंड टेबल इंडिया'चे. मूळ इंग्रजी संकेतस्थळाने हिंदी लेखनाला हिंदी नावाचे सबडोमेन दिले, आणि साहित्याचा विभाग मात्र मूळ पत्त्याच्याच पोटात ठेवला. एकाच संस्थेला दोन्ही रचना वापराव्याशा वाटतात यातच पुष्कळ काही येते. भाषा बदलली की वाचक बदलतो, लिहिणाराही बदलतो. साहित्य आणि विचार यांचा वाचक मात्र बहुधा एकच असतो.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहितो आहे त्याकडे येतो. एका मोठ्या संस्थेने आम्हाला प्रेमाने सांगितले, वेगळे नाव कशाला घेता, आमच्या संकेतस्थळाखाली एक जागा देतो, आमचे वजन तुम्हाला मिळेल. आमच्यातील निम्मे लोक तयार झाले. क्रमवारीच्या दृष्टीने पाहिले तर मोठ्याच्या घरात राहणाऱ्याला लाभ होतो, हे खोटे नाही. बाबासाहेबांचे 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' पाहा. १९३६ सालच्या या ग्रंथाची टीपांसह आवृत्ती कोलंबिया विद्यापीठात फ्रान्सेस प्रिचेट यांनी तयार केली. तिचा पत्ता कोलंबियाच्या एका सबडोमेनवर, त्यातही तीन-चार रेघांच्या आत होता. जगभरच्या विद्यार्थ्यांना तो ग्रंथ तेथेच सापडत गेला. विद्यापीठाच्या नावाचे वजन आणि मजकुराची गुणवत्ता दोन्ही तेथे एकत्र आली. पुढे प्रिचेट यांचे साहित्य त्यांच्या स्वतःच्या नावाच्या डोमेनवरही आले. निवृत्त प्राध्यापिकेलाही शेवटी आपले नाव उजव्या टोकाला लागते, ही गोष्ट मला बोलकी वाटते. खुद्द गुगलचा आरंभ स्टॅनफर्डच्या पत्त्याखाली सबडोमेन म्हणून झाला होता. १९९७ च्या सप्टेंबरात त्यांनी स्वतःचे नाव नोंदवले. तेथे मुक्काम केला असता तर आज आपण त्याला विद्यापीठाचा एक विभाग म्हणालो असतो!

दुसऱ्याच्या नावाखाली राहण्यात धोका कोणता? मालक दुष्ट असतो असे नाही. त्याचे निर्णय त्याच्या सोयीने होतात, इतकेच. कित्येक मराठी लेखकांनी वर्षानुवर्षे आपले लेखन ब्लॉगस्पॉटवर ठेवले. म्हणजे त्यांचे नाव डावीकडे, ब्लॉगस्पॉट उजवीकडे. २०१२ च्या सुमारास भारतातील वाचकांना हे पत्ते 'डॉट कॉम'ऐवजी 'डॉट इन' असे दिसू लागले, आणि लोकांनी तेच पत्ते लेखांत, टीपांत, व्हॉट्सअ‍ॅपवर उतरवून घेतले. २०२० साली 'ब्लॉगस्पॉट डॉट इन' हे नावच गुगलच्या हातातून निसटले. लेखन मूळ जागी शाबूत राहिले. पण 'डॉट इन'चा पत्ता ज्यांनी ज्यांनी उतरवून घेतला होता, त्यांच्या हाती मोडका दुवा उरला. गुगलसारख्या कंपनीच्या घरात हे घडते, तर एखाद्या संस्थेचे विश्वस्त बदलल्यावर काय होईल? गावकुसाच्या आत जागा मिळाली म्हणजे वतन मिळाले असे नव्हे, हे आपल्या आजोबांना माहीत होते.

त्यात आणखी एक भर. काही मोठ्या संकेतस्थळांनी आपले वजन भाड्याने देण्याचा धंदाच मांडला: प्रतिष्ठित वृत्तपत्राच्या पोटातील सबडिरेक्टरीत तिऱ्हाइताची कर्जाची आणि सवलतीच्या कूपनांची पाने. मार्च २०२४ मध्ये गुगलने याविरुद्ध धोरण जाहीर केले आणि मे महिन्यापासून कारवाई सुरू केली. नोव्हेंबरात ते आणखी कडक झाले. प्रामाणिकपणे एखाद्या मंडळाला जागा देणे हा त्यात गुन्हा ठरत नाही. परंतु उसन्या वजनावर वर चढण्याचा मार्ग अरुंद होत चालला आहे, हे मोठ्या घराचे आमंत्रण स्वीकारताना ध्यानात घ्यावे.

आमच्या बोर्डाच्या पत्त्यालाही हाच प्रश्न आहे. एप्रिल २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातील योल ही छावणी रद्द झाली आणि छावण्यांतील नागरी वस्ती स्थानिक स्वराज्य संस्थांत विलीन करण्याचे धोरण पुढे आले. देवळालीचे असे झाले तर कराच्या पावत्या, दाखले, सूचना यांचे जे दुवे लोकांनी जपून ठेवले आहेत ते कोणत्या नावाखाली जातील? रस्त्याची पाटी बदलली तरी घर तेथेच असते. पत्त्याचे उजवे टोक गेले तर घरच नाहीसे होते, जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचे वळण दिले नाही तर.

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट मागे पडू नये. पत्ता कितीही चांगला घेतला तरी यंत्राला मजकूर वाचता आला पाहिजे. आपल्या जुन्या अंकांचे पान म्हणजे छायाचित्र. त्यातली अक्षरे ओळखून उतरवली नाहीत तर यंत्राला ती नीट वाचता येतील याची खात्री नाही. नव्वदीनंतरचे अंक संगणकावर जुळवलेले, पण श्रीलिपीसारख्या जुन्या सांकेतिक फॉन्टमध्ये. डोळ्याला 'समता' दिसते आणि आत भलतीच चिन्हे असतात. ते सारे युनिकोडमध्ये आणल्याशिवाय सबडोमेन आणि सबडिरेक्टरी हा वाद निष्फळ आहे. आमचा सर्वांत जास्त वेळ यातच जातो. शिवाय नावाची लेखने अनेक: देवळाली, देवलाली, आणि रोमनमध्ये आणखी दोन. इंग्रजांनी तर आमच्या गावाच्या नावावरून वेडसरपणाला 'डूलॅली' हा शब्द केला. छावणीत बोटीची वाट पाहत कंटाळलेल्या सोल्जरांची ती देणगी. म्हणून प्रत्येक लेखाच्या शीर्षकात किंवा पहिल्या परिच्छेदात गावाचे रूढ नाव स्पष्ट असावे असे आम्ही ठरवले. पत्त्यात मात्र देवनागरी टाळली. २०१४ पासून 'डॉट भारत' हे देवनागरी नाव मिळते आणि ते घ्यावे असा मोह होतो. पण पत्ता दुसरीकडे चिकटवला की पुष्कळदा देवनागरीच्या एका अक्षरचिन्हाची नऊ रोमन चिन्हे होतात आणि पाच अक्षरी शीर्षकाची मालगाडी. अभिमान शीर्षकात ठेवावा. रेघेनंतरचा पत्ता आखूड असू द्यावा.

शेवटी आम्ही जे केले ते असे. मंडळाच्या नावाचे स्वतंत्र डोमेन घेतले. कविता, लेख, जुने अंक, शिष्यवृत्ती या चारही गोष्टी तिरक्या रेघेनंतर ठेवल्या. कवितेला मुख्य पानावर पहिले स्थान दिले. कवी मित्र समाधानी आहेत असे म्हणवत नाही, पण कविता पाठवू लागले आहेत. हिंदी विभाग सध्या आतच आहे. कॅम्पात हिंदी वाचणारे पुष्कळ असले तरी हिंदीचे संपादन करणारा अजून कोणी नाही. उद्या स्वतंत्र संपादकमंडळ उभे राहिले तर त्याला सबडोमेन द्यायचे, आणि तेव्हा जुन्या प्रत्येक पानावरून नव्या पानाकडे कायमचे वळण ठेवायचे. असे वळण निदान वर्षभर ठेवावे असे गुगल सांगते. आम्ही ते काढायचेच नाही असे ठरावात लिहून घेतले. मोठ्या संस्थेला विनंती केली, की जागा नको, तुमच्या पानावरून आमच्याकडे एक दुवा द्या. तो त्यांनी दिला.

नावाची नोंद कोणा विद्यार्थ्याच्या खाजगी ई-मेलवर न करता मंडळाच्या नावे केली आहे, आणि नूतनीकरणाची सूचना दोघांना जाईल अशी व्यवस्था आहे. दोघांपैकी एक मी, दुसरे आमचे कोषाध्यक्ष. त्यांनी आपली ई-मेल अद्याप उघडून पाहिलेली नाही, म्हणून तारीख वाचनालयाच्या फळ्यावरही लिहून ठेवली आहे.